जुन्या पिकअपचे पार्ट: कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही



आपल्या सोसायटीची पिकअप परत धक्क्यावर यायला लागल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतं, "सेक्रेटरीबाब, किती खर्च आला? पार्ट कुठून आणले? आमच्या गाडीचंही बघा ना." सभासदांपैकी बऱ्याच जणांकडे दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्या आहेत. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. लांबलचक झालंय, पण सवडीने वाचा. आपल्याच कामाचं आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही जणांना ती माहीत आहे, काहींनी तिखटमीठ लावून ऐकली आहे. तेव्हा जसं घडलं तसं मीच सांगतो.

चारशे चाळीस रुपयांची बचत

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी आपल्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळायला लागलं. मेस्त्री म्हणाला, व्हील सिलिंडरचं रबर किट गेलंय, चांगल्या कंपनीचं आणा. दुकानात दोन पाकिटं समोर आली. एक ६२० रुपयांचं, दुसरं १८० चं. दुसऱ्यावर पार्ट नंबर नव्हता, कोणी बनवलं तेही नव्हतं, नुसतं किमतीचं लेबल चिकटवलेलं. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." सोसायटीचे पैसे वाचवावेत म्हणून मी १८० चं घेतलं. बिलही मागितलं नाही.

पाच आठवडे गाडी चालली. मग ड्रायव्हर सांगायला लागला की पेडल मऊ लागतंय. मी म्हटलं, ऑइल टाक आणि चालव, सीझन चालू आहे. सीझनला गाडी उभी ठेवायची म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे माल म्हापशाच्या बाजारात पोचला नाही तर बांगड्याचा दर उतरतो आणि आपल्या बायांचा दिवस वाया जातो.

एका पहाटे गाडी भरून निघाली. हौद्यात बांगडा आणि तारल्यांचे क्रेट, वर बर्फ. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि आपल्या वाड्यावरच्या एक काकी. उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. पुढचे ब्रेक थोडेफार लागत होते, पण भरलेली गाडी त्यांना ऐकेना. पोरगा हुशार, घाबरला नाही. गियर खाली घेतला, हँडब्रेक ओढत गाडी कडेला नेली आणि चिऱ्यांच्या गडग्याला घासत उभी केली. डावा दरवाजा आत गेला. काकींच्या खांद्याला मार बसला, महिनाभर टोपली उचलता आली नाही. रस्त्यावर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

नंतर मेस्त्रीने ड्रम उघडून ते रबर माझ्या हातावर ठेवलं. फुगून लिबलिबीत झालं होतं, बोटाने तुटत होतं. तो काही बोलला नाही. काकींना बघायला गेलो तेव्हा त्यांनी मात्र विचारलं, "किती वाचवलेस रे बाबा?" चारशे चाळीस रुपये. मला सांगायचीही लाज वाटली.

भंगारात द्यायची की दुरुस्त करायची?

त्यानंतर व्यवस्थापन समितीची बैठक झाली. गाडी २००९ ची, महिंद्रा बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं जुन्या पद्धतीचं डीआय इंजिन. काही सभासदांचं म्हणणं होतं की विकून टाकू. भंगारवाल्याने जो भाव सांगितला त्यात नवीन गाडीचं डाउन पेमेंटही झालं नसतं. नवीन पिकअप रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते. दुसरीकडे, एका वर्कशॉपने सगळं नवीन टाकून १,७८,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं.

शेवटी असं ठरलं की आधी चेसिस तपासायचा. चेसिस शाबूत असेल तर दुरुस्ती, नाहीतर भंगार. मेस्त्रीने गाडी रॅम्पवर घेऊन हातोडीने चेसिस वाजवत नेला. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. पाट्यांचे ब्रॅकेट जिथे बसतात तिथे आणि हौद्याच्या क्रॉस मेंबरखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघितला. वरवरचा गंज होता, आरपार गेला नव्हता. इंजिनचा ब्लॉक ठीक होता. मग दुरुस्तीचा ठराव झाला. ज्यांना धोका होता ती कामं लगेच केली आणि बाकीची १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत.

तुमच्या गाडीचा निर्णयही असाच घ्या. चेसिस आरपार कुजला असेल तर पार्टवर एक रुपयाही घालू नका. वर पत्रा वेल्ड करून रंग मारला की दिसायला बरं दिसतं, पण भार पडला की ते सुटतं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी करावं लागतं आणि गाडी जुनी होत जाते तशी त्याची फीही बरीच वाढते, तोही हिशोब धरा. नवीनच घ्यायची असेल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासळी वाहतुकीच्या इन्सुलेटेड गाडीसाठी मदतीची तरतूद होती. सध्या अर्ज घेतात का, ते मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्या.

आपल्या गाड्या लवकर का खराब होतात

भाजीवाल्याची आणि आपली गाडी एकाच वर्षाची असली तरी आपली आधी सडते. कारण बर्फाचं पाणी. मासळीचं मीठ घेऊन ते हौद्याच्या फटीतून खाली ठिबकतं आणि नेमकं मागचे पाटे, यू बोल्ट, ब्रेकचे पाइप आणि वायरिंगच्या जोडांवर पडतं. म्हणून आपल्या गाड्यांचे पार्ट ठराविकच जातात: मागचे ब्रेक, पाटे आणि त्यांचे बुश, सायलेन्सर, हौद्याचा पत्रा, मागच्या दिव्यांची वायरिंग, अल्टरनेटर. इंजिन त्या मानाने खूप टिकतं.

एका अर्थी हे बरंच आहे. काय जाणार ते आधीच माहीत असेल तर गाडी बंद पडायच्या आधी सवडीने, चार ठिकाणी भाव विचारून पार्ट घेता येतो. घाईत घेतलेला पार्ट नेहमी महाग तरी पडतो नाहीतर खोटा तरी निघतो.

दुकानात जायच्या आधी

"बोलेरो पिकअपचा क्लच द्या" असं सांगितलं की दुकानदार विचारतो, कुठलं मॉडेल? आपण म्हणतो, जुनं. इथेच फसगत सुरू होते. एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला बदल झालेले असतात. २०१० मध्ये देशभर बीएस-३ आलं, २०१७ मध्ये बीएस-४, २०२० मध्ये बीएस-६. त्या-त्या वेळी डिझेल पंप, इंजेक्टर, सेन्सर असं बरंच काही बदललं. म्हणून आरसी बुकचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावरचा १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर दाखवला की कंपनीच्या पार्ट काउंटरवर नेमका पार्ट नंबर काढून मिळतो. तो नंबर लिहून घ्या. पार्ट तिथेच घेतला पाहिजे असं नाही, पण नंबर हातात असला की बाकी दुकानात आपल्याला कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

दुसरी गोष्ट, जुना पार्ट सोबत न्या. मेस्त्रीकडून काढून, पुसून, पिशवीत घालून. क्लच प्लेटचा व्यास आणि आतले दाते मोजता येतात. "चालेल" आणि "बसेल" यात फरक आहे. दुकानदार "चालेल" म्हणाला की समोरासमोर ठेवून बघा.

तिसरी गोष्ट मला स्वतःला या दुरुस्तीतच कळली, आणि पैसे वाचवायला सगळ्यात जास्त ती कामाला आली. कित्येक पार्ट हे गाडीचे खास पार्ट नसतातच. बेअरिंगवर त्याचा नंबर कोरलेला असतो. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. फॅन बेल्टवर लांबीचा नंबर असतो. हा नंबर घेऊन ऑटो पार्टच्या दुकानाऐवजी बेअरिंगच्या दुकानात गेलात तर तोच माल, चांगल्या कंपनीचा, कमी भावात मिळतो. कारखान्यांना माल देणारी बेअरिंगची दुकानं सगळ्या मोठ्या शहरांत असतात. बेअरिंगमध्ये नकली माल भरपूर येतो, तेवढं मात्र बघून घ्या. एसकेएफसारख्या कंपनीने तर पाकीट खरं आहे का ते तपासायला ॲप काढलं आहे.

पार्टचे चार प्रकार

पहिला, गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला. महाग, पण नंबर जुळला की डोळे मिटून बसवा.

दुसरा, ज्यांनी तो पार्ट मुळात बनवला त्यांच्याच पाकिटातला. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. सेल्फ आणि अल्टरनेटरमध्ये लुकास टीव्हीएस, डिझेल पंपात बॉश, स्टिअरिंगच्या जोडांत राणे, शॉक ॲब्सॉर्बरमध्ये गॅब्रिएल अशी नावं आहेत. आपल्या जुन्या पार्टवर कोणाचं नाव आहे ते गंज घासून बघा. त्याच नावाचा पार्ट बाजारात घेतला तर बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा स्वस्त मिळतो आणि दर्जात फरक नसतो. आम्ही जास्तीत जास्त पार्ट असेच घेतले.

तिसरा, लोकल. यात चांगलाही असतो, वाईटही. आरसा, दरवाजाचं हँडल, चिखलपत्रे, दिव्याची काच, सायलेन्सरचा पाइप, केबिनमधल्या मॅट यांना लोकल चालतो. मोडला तर गैरसोय होते, जीव जात नाही.

चौथा, डुप्लिकेट. दुसऱ्याच्या नावाने विकलेला नकली माल. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम नाही किंवा नखाने निघतो, किमतीवर दुसरं लेबल चिकटवलेलं आणि दुकानदार बिल द्यायला कां-कूं करतो. यातली दोन लक्षणं दिसली तरी परत ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, पूर्वी बऱ्याच पार्टवर २८ होता. तेव्हा "बिल घेतलंत तर फार महाग पडेल" हे ऐकून गप्प बसू नका. बिल असलं तरच पार्ट बदलून मिळतो.

जुना पार्ट कुठला घ्यावा

भंगारातल्या पार्टला नाक मुरडायचं कारण नाही. आपला चेपलेला डावा दरवाजा मी ४,५०० रुपयांत आणला. नवीन ११,००० ला सांगत होते. दरवाजा, बोनेट, बंपर, सीट, काच, दिव्यांचे सांगाडे, रिम असे पार्ट डोळ्यांनी बघून घेता येतात. तिठ्यावरच्या भंगारवाल्यापासून ते मुंबईच्या कुर्ल्यातल्या सीएसटी रोडपर्यंत हा बाजार आहे. फक्त किनाऱ्यावरच्या गाडीचा पत्रा घेऊ नका. घाटमाथ्यावरून आलेल्या गाडीचा पत्रा खालून कोरा असतो. दरवाजा उलटा करून खालची घडी बघा, गंज तिथूनच सुरू होतो.

जुना कधीच घेऊ नये असेही पार्ट आहेत: ब्रेकचा कुठलाही भाग, टाय रॉड, बॉल जॉइंट, रबराचे पाइप, टायमिंगचे पार्ट. जुनं टायर घ्यायचा मोह होतो, पण रबर वयाने मरतं. नक्षी कितीही खोल दिसू दे, बाजूवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो आधी वाचा.

आणि जुना पार्ट घेताना पावती घ्याच. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर घेणाराही अडकतो. जुनं इंजिन टाकायचं असेल तर त्याचे मूळ कागद बघा आणि आरटीओत परवानगी घेऊन आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवा. तसं केलं नाही तर फिटनेस अडतं आणि पुढे विम्याच्या दाव्यातही अडचण येते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्र जवळ असेल तर तिथेही विचारा, कागद स्वच्छ असतात.

बदलण्यापेक्षा दुरुस्त करा

आता जिथे आपले खरे पैसे वाचले ते सांगतो. नवीन घ्यायच्या आधी तो भाग दुरुस्त करणारा माणूस शोधायचा.

अल्टरनेटर चार्ज करत नव्हता. वर्कशॉपने नवीन लिहून दिला होता, ९,५०० रुपये. ऑटो इलेक्ट्रिशियनने उघडला तर रेक्टिफायर आणि बेअरिंग गेलेलं. २,३०० मध्ये झाला. सेल्फचे कार्बन आणि बुश बदलले, १,१००.

डिझेल पंपाचा तर मोठाच फरक. गाडी काळा धूर मारत होती. नवीन पंप आणि इंजेक्टर ३८,००० च्या घरात जात होते. आपली गाडी बीएस-३ च्या आधीची, म्हणजे मेकॅनिकल पंपाची. असा पंप कॅलिब्रेशन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मशीनवर लावून दुरुस्त होतो, इंजेक्टरचे नोझल बदलून दाब सेट करतात. ११,५०० लागले. धूर गेला, डिझेलही कमी लागतं. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांना हे काम इतकं स्वस्त पडत नाही. जुन्या गाडीचा हा एक फायदाच म्हणायचा.

पाट्यांसाठी बेळगावला गेलो. चोर्ला घाट चढून गेलं की उद्यमबागेत फाउंड्री, लेथ, मशीन शॉप यांची रांगच आहे. तिकडे भाव विचारत फिरताना एका पाटेवाल्याने सांगितलं की सगळा सेट बदलायची गरज नाही. दोन पाने मोडली होती, ती नवीन घातली, बाकीच्यांना बाक दिला, यू बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश नवीन. ९,८०० रुपये. नवीन सेट २४,००० ला होता. दोन्ही बाजूंच्या पानांची संख्या आणि जाडी सारखीच हवी, नाहीतर गाडी एका अंगाला कलते, एवढं लक्षात ठेवा. यू बोल्ट मात्र जुने परत वापरू नका.

त्याच फेरीत ब्रेक ड्रम लेथवर साफ करून घेतले. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास लिहिलेला असतो, त्याच्या पुढे गेला तर ड्रम टाकायचा. आपले आत होते. पार्सलने काम पाठवायचं असेल तर बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे सोय आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही अशी कामं वर्षानुवर्षं होतात. आपल्याकडे मिळत नाही असा पार्ट पुण्याच्या नाना पेठेत फोनवर विचारून मागवता येतो. एका पार्टसाठी एवढ्या लांब गाडीभाडं घालून जाणं परवडत नाही. चार-पाच जणांची यादी एकत्र झाली तरच जा.

जिथे एक रुपयाही कमी करायचा नाही

ब्रेक आणि स्टिअरिंग. विषय संपला.

या वेळी मागची दोन्ही व्हील सिलिंडर किट न टाकता पूर्ण नवीन घेतली. ब्रेक शू, रबरी होज, मास्टर सिलिंडर नवीन, आणि गंजलेले लोखंडी पाइप सगळे बदलले. कोणी साधा तांब्याचा पाइप सुचवेल, वाकवायला सोपा म्हणून. घेऊ नका, हादऱ्यांनी तांबं कडक होऊन चिरतं. ब्रेकचाच स्टीलचा किंवा क्युप्रो-निकेलचा पाइप वापरा.

ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं. उघडा राहिलेला डबा हवेतली ओल ओढतो, आणि आपल्याकडच्या पावसात तर विचारूच नका. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. त्यात चुकून इंजिन ऑइलसारखं दुसरं तेल गेलं तर रबर फुगतं. माझं ते १८० चं रबर का फुगलं, मालच खोटा होता की ऑइलमध्ये काही गेलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण पाकिटावर नाव-नंबर काहीच नव्हतं आणि बिल नव्हतं, मग विचारायचं कोणाला?

आणि पेडल मऊ लागलं तर गाडी उभी करा. ऑइल टाकून चालवू नका. हे मी ड्रायव्हरला सांगायला हवं होतं, उलट त्यानेच मला सांगितलं आणि मी ऐकलं नाही.

एकूण हिशोब

मागचे ब्रेक, पाइप, मास्टर सिलिंडर: १४,२००
टाय रॉडचे जोड आणि बुश: ५,६००
पाटे: ९,८००
क्लच सेट, नवीन: ७,४००
अल्टरनेटर दुरुस्ती: २,३००
सेल्फ दुरुस्ती: १,१००
पंप आणि इंजेक्टर: ११,५००
हौद्याचा तळ आणि फाळके, नवीन पत्रा: २२,०००
डावा दरवाजा, जुना: ४,५००
रेडिएटरची जाळी: ४,२००
मजुरी: ९,०००

एकूण ९१,६०० रुपये. एस्टिमेटपेक्षा ८६,४०० कमी. सगळी बिलं ऑफिसात फाइलला आहेत, कोणीही येऊन बघा. भाव आपापल्या गावात वेगळे असतील, पण कुठे किती फरक पडतो याचा अंदाज यावरून येईल.

एक बघा, ब्रेक आणि स्टिअरिंगचे मिळून १९,८०० झाले. तिथे सगळं चांगलं घेऊनही एवढंच. बचत झाली ती पंप, पाटे, अल्टरनेटर, दरवाजा यांत. म्हणजे वाचवायला जागा भरपूर होती. मी मात्र नको तिथे वाचवायला गेलो होतो.

पुढे पार्ट कमी लागावेत म्हणून

रोज माल उतरला की हौदा आणि खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. फक्त वरून नाही, चाकांच्या आतून आणि पाट्यांवर पाणी मारा. हौद्याला एका कोपऱ्यात भोक ठेवून रबरी नळी लावा, म्हणजे बर्फाचं पाणी चेसिसवर न पडता नळीतून एका जागी येईल. त्याखाली कॅन ठेवला तर रस्त्यावरही सांडणार नाही. आम्ही नवीन तळ घालताना तेवढा उतार काढून घेतला.

जळकं इंजिन ऑइल खाली फवारायची आपल्याकडे पद्धत आहे. ते बुशचं रबर खातं, ब्रेकवर गेलं तर घात होतो आणि आपल्या मासळीच्या गाडीत ते नकोच. दर पावसाळ्याआधी गंज घासून रेड ऑक्साइड आणि वरून अंडरकोट मारा.

सोसायटी काय करणार

समितीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, ऑफिसात पार्टची वही ठेवली आहे. कुठल्या गाडीला कुठला पार्ट नंबर, बेअरिंग आणि ऑइल सीलचे नंबर, कुठे काय भावाने मिळालं, ते त्यात लिहायचं. तुम्हीही येऊन लिहा. एका जुन्या डीआय बोलेरोला बसलेलं फिल्टर दुसरीला बसण्याची शक्यता चांगली असते, फक्त नंबर ताडून घ्या.

दोन, फिल्टर, बेल्ट, बल्ब, होज, ब्रेक ऑइल असा नेहमीचा माल आपण एकत्र मागवणार. दहा गाड्यांची ऑर्डर एकदम गेली की घाऊक दुकानदार भाव कमी करतो. ज्यांना हवं त्यांनी गाडीचं मॉडेल, साल आणि हवा तो माल ऑफिसात लिहून द्या.

तीन, दरवर्षी बंदीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या मेस्त्रीकडून सभासदांच्या गाड्यांचे ब्रेक आणि चेसिस तपासून घेणार. तपासणीचा खर्च सोसायटी करेल. ट्रॉलर ओढून रंगवतो, जाळी विणतो, तशीच गाडीही बघून घ्यायची. ऑगस्टमध्ये पहिला माल आल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

ज्यांना कुठे चांगला पाटेवाला, पंपवाला, इलेक्ट्रिशियन माहीत आहे त्यांनी खाली गावाचं नाव आणि काम लिहा. कोणाचा फोन नंबर मात्र त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.

काकी आता बऱ्या आहेत आणि पुन्हा बाजाराला जातात. नवीन ब्रेक लागल्यावर पहिल्या दिवशी गाडीत बसायच्या आधी त्यांनी ड्रायव्हरला पेडल दाबून दाखवायला लावलं. आजही रोज लावतात. तो हसतो, पण दाबून दाखवतो.



तुमचा सेक्रेटरी